डोकं दुखतंय, पण नेमकं दुखतंय काय?

"भाऊ, डोकं लय दुखून राहिलं, एखादी गोळी द्या ना." मे महिन्यात नागपुरातल्या औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. दुकानदार पाकिटातून दोन गोळ्या कापून देतो, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. डोकं कधीपासून दुखतंय, कसं सुरू झालं, सोबत आणखी काय होतंय, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. खरं तर गोळी हवी की पाणी, घरी पडून राहावं की रिक्षा करून थेट दवाखाना गाठावा, हे याच तीन उत्तरांवर ठरतं. दुखणं किती जोराचं आहे यावर ते फारसं ठरत नाही. अर्धशिशीत माणूस कळवळतो, पण जिवाला धोका नसतो. आणि एखादं हलकं, रेंगाळणारं डोकेदुखणं मात्र आत साचत चाललेल्या रक्तामुळे असू शकतं.

मेंदूला दुखत नाही

ऐकायला विचित्र वाटेल, पण मेंदूच्या पेशींना वेदना कळत नाही. म्हणूनच काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर काम करता येतं. दुखतं ते मेंदूभोवतीचं: त्याची आवरणं, मोठ्या रक्तवाहिन्या, डोक्याची कातडी, कपाळाचे आणि मानेचे स्नायू, डोळे, दात, नाकाजवळच्या हवेच्या पोकळ्या.

या सगळ्यांचे निरोप बहुतांशी एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जातात. मानेच्या वरच्या भागातल्या नसाही आत त्याच ठिकाणी येऊन मिळतात. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडांच्या दारांवर चार बटणं असावीत आणि घंटी मात्र एकच असावी, तसं हे आहे. घंटी वाजते, पण कोणी दाबली ते आवाजावरून कळत नाही. म्हणून मान आखडली तरी दुखतं कपाळ, आणि दाढ किडली तरी ठणकते कानशिलं.

डॉक्टर डोकेदुखीचे दोन मोठे गट करतात. बटण कुणीच दाबलेलं नाही, घंटीची वायरिंगच नाजूक आहे, ती प्राथमिक डोकेदुखी. दुसऱ्या कशाने तरी बटण दाबलं गेलंय, म्हणजे ताप, ऊन, रक्तस्राव, औषध यांपैकी काहीतरी कारण आहे, ती दुय्यम डोकेदुखी. जगभरचे डॉक्टर जे वर्गीकरण वापरतात त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली, आणि त्यात डोकेदुखीचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. आपल्या रोजच्या जगण्यात भेटणारे त्यातले मोजकेच.

वायरिंग नाजूक असलेली तीन दुखणी

सर्वात जास्त लोकांना होते ती ताणाची डोकेदुखी. दोन्ही बाजूंनी, पट्टा आवळल्यासारखी. ती अर्धा तास टिकते किंवा आठवडाभरही रेंगाळते. मळमळ नसते, जिना चढल्याने वाढत नाही, माणूस कुरकुरत का होईना कामं उरकतो. झोप कमी, मान खाली घालून तासन् तास मोबाइल, डोक्यात घोर, हे तिचं खतपाणी.

दुसरी मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी. या नावानेच मोठा घोळ केलाय. अर्धं डोकं दुखलं तरच अर्धशिशी, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात अनेकांचं दोन्हीकडे दुखतं, मागून मानेतूनही सुरू होतं. ओळखायचं ते सोबतीच्या लक्षणांवरून. ठोके पडल्यासारखं ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, चाललं की वाढतं. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास चालतं. मिक्सरचा आवाज सहन न होऊन कुणी दार लावून, पडदा ओढून पडून राहत असेल, तर बहुतेक वेळा ती अर्धशिशीच असते.

काहींना दुखण्याच्या आदल्या दिवशीच सारख्या जांभया येतात, मान जड होते, गोड खावंसं वाटतं. मेंदूत गडबड तेव्हाच सुरू झालेली असते. काहींना डोळ्यांसमोर चमचमणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, हळूहळू पसरतात आणि तासाभरात जातात. हे ज्या बायकांना होतं त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, कारण इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं एक संप्रेरक) असलेल्या गोळ्यांनी अशांना पक्षाघाताचा धोका वाढतो.

बायकांना अर्धशिशी पुरुषांच्या दोन ते तीन पट जास्त होते. पाळीच्या आसपास उतरणारं इस्ट्रोजेन हे त्याचं एक मोठं कारण. आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: डोक्यावरून न्हाल्यावर, केस ओले राहिले की काहींना झटका येतो. आजीचं "ओल्या केसांनी बसू नकोस" हे अगदीच निराधार नव्हतं.

एकाच कारणाने झटका येतो असं क्वचित घडतं. श्रावणातला सोमवार घ्या. सकाळी डोक्यावरून न्हाणं झालं, उपवास आहे, रात्री झोप नीट झाली नव्हती, आणि दुपारी इतवारीत खरेदीला जाताना कडक ऊन पडलं. यातलं एकेकटं कदाचित निभावलं असतं. चारही एकत्र आले की भांडं भरून वाहतं. म्हणून "परवा पण उन्हात गेले होते, तेव्हा नाही दुखलं" या एका अनुभवावरून ऊन निर्दोष ठरत नाही.

तिसरी क्लस्टर डोकेदुखी. कमी लोकांना होते, पण भयंकर असते. एका डोळ्यामागे सळई खुपसल्यासारखं दुखतं, त्याच डोळ्यातून पाणी, त्याच बाजूचं नाक गळतं. १५ मिनिटं ते ३ तास चालते आणि बऱ्याचदा रोज ठरावीक वेळी, रात्री झोपेतून उठवते. अर्धशिशीवाला निपचित पडून राहतो. हा रुग्ण येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. यावर मास्कने दिलेला भरपूर ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटांत आराम देतो. साध्या गोळीचा असर होईपर्यंत झटका ओसरलेलाही असतो.

नागपूरचं ऊन डोक्यात कसं जातं

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ४४-४५ तर इथे दरवर्षीचं. अशा हवेत घाम फुटतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. सकाळी नऊला घरून निघालेला माणूस दुपारी तीनपर्यंत एक चहा आणि एक ग्लास पाण्यावर असतो, तीनला डोकं धरतं, आणि तो म्हणतो "ऊन लागलं". तहान, कोरडं तोंड, गडद पिवळी लघवी, उभं राहिल्यावर गरगरणं यांपैकी काही सोबत असेल तर गोळीच्या आधी सावली आणि पाणी.

नुसतं पाणी ढोसू नका, मीठही गेलेलं असतं. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचं. अर्ध्या पाकिटाला अर्धा लिटर असा हिशोब डोळ्यांनी चुकतो आणि द्रावण खारट होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताकही चालतं. घोटघोट प्या. पाणी कमी पडल्यामुळेच दुखत असेल तर अर्ध्या ते तीन तासांत बराच फरक पडतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून दिलेलं आहे, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेणं हे मात्र धोक्याचं आहे. आधीच रक्तपुरवठा कमी झालेल्या किडनीवर त्याचा थेट मार बसतो.

अंग तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, चालताना झोकांड्या जातायत, तर तो उष्माघात आहे. तिथे शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं. पॅरासिटामॉलने ते उतरत नाही. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडा, कूलर किंवा पंख्याचा झोत सोडा, काखेत आणि मानेला बर्फाच्या पिशव्या लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

कूलरबद्दलही एक सांगायला हवं. खिडक्या-दारं बंद करून कूलर लावला की खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळत नाही, डोकं जड होतं. समोरची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. उन्हातून येऊन बर्फाचा गोळा किंवा थंडगार उसाचा रस घाईने घेतला की कपाळात जी कळ जाते ती मात्र निरुपद्रवी. दहा मिनिटांच्या आत ती जाते.

हेल्मेट, चहा, उपवास आणि गिझर

उन्हाळ्यात आधी दुपट्ट्याने डोकं-तोंड बांधायचं आणि त्यावर हेल्मेट घालायचं, ही इथली पद्धत. दुपट्ट्याची गाठ किंवा घडी हेल्मेटखाली एका जागी दाबली जाते आणि वर्धा रोडवर अर्धा-पाऊण तास गेला की नेमकी तीच जागा दुखते. हेल्मेट काढल्यावर तासाभरात थांबलं तर कारण दाबाचं होतं. उपाय हेल्मेट सोडणं हा नव्हे, ते जीव वाचवतं. पातळ सुती कापड विनागाठीचं बांधा आणि हेल्मेट आपल्या मापाचं घ्या: सगळीकडून सारखं घट्ट, कपाळावर एका ठिकाणी रुतणारं नको.

चहा-कॉफीची सवय असलेल्यांना तो चुकला की २४ तासांच्या आत डोकं धरतं. दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन, म्हणजे साधारण पाच-सहा कप चहा, नेमाने घेणाऱ्यांना हे होतं. रविवारी उशिरा उठल्यावर किंवा उपवासाच्या दिवशी दुखण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. सोडायचा असेल तर एकदम सोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा.

उपवासाचंही तसंच. पोट आठ तासांहून जास्त रिकामं राहिलं की अनेकांचं, विशेषतः अर्धशिशी असलेल्यांचं, डोकं दुखतं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्यांनी दुपारी फळ, दूध, शेंगदाणे घ्यावेत. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाने दरवर्षी झटका येत असेल तर पाणी पिऊन उपवास करावा. देवी रागावत नाही, हे घरातल्या मोठ्यांनीच सुनांना सांगायला हवं.

हिवाळ्यातल्या एका कारणाबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे किंवा बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग पायातलं बळ जातं आणि माणूस दार उघडण्याआधीच कोसळतो. अंघोळ करताना रोज डोकं दुखतं आणि बाहेर आल्यावर थांबतं, किंवा घरातल्या सगळ्यांचंच एका वेळी दुखतं, अशा वेळी गोळी शोधू नका. बाहेर मोकळ्या हवेत या, गॅस बंद करा, खिडक्या उघडा. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवायला हवा.

गोळीच डोकं दुखवू लागते तेव्हा

हे वाचकांना सर्वात कमी पटतं, म्हणून थोडं सविस्तर. ज्यांना आधीपासून अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे, ते जर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळी, किंवा १० किंवा जास्त दिवस मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोट (ही अर्धशिशीची खास औषधं) किंवा ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) घेत राहिले आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर डोकं गोळीमुळेच दुखू लागतं. मिश्र गोळ्या म्हणजे ज्यांत वेदनाशामकासोबत कॅफीन वगैरे असतं त्या.

घंटी वाजली की तिच्यावर उशी दाबायची, असं आपण करतो. रोज दाबलं की वायरिंग आणखी हळवं होतं. मग वाऱ्यानेही वाजतं. सकाळी उठल्याउठल्या दुखतं, गोळीने चार तास बरं वाटतं, पुन्हा दुखतं. माणूस म्हणतो, "दुखतं म्हणून घेतो." खरं तर घेतो म्हणूनही दुखत असतं. पूर्वी पंधरा गोळ्यांचं एक पाकीट सहा महिने पुरायचं आणि आता महिन्यात संपतं, ही खूण घरातल्या डब्यातच असते.

सुटका आहे. साधी गोळी एकदम थांबवता येते. पहिले दोन ते दहा दिवस वाईट जातात, दुखणं वाढतं, मळमळतं, चिडचिड होते. तेवढे काढले की पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं कमी होतं. ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायच्या.

मग दुखलं की दात-ओठ खाऊन सहन करायचं का? मुळीच नाही. अर्धशिशीत तर उलट दुखणं चढण्याआधी, सुरुवातीलाच पूर्ण मात्रा घ्यावी. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. धडधाकट मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन वेळांत किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या आत ठेवावं. वजन कमी असेल, दारू असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते धरून मोजा. हे सगळं आठवड्यात दोनच दिवस. त्याहून जास्त लागत असेल, किंवा महिन्यात चारहून जास्त दिवस वाया जात असतील, तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं आहेत: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लूनारिझिन. त्यांचा गुण येतो की नाही ते कळायला दोन महिने द्यावे लागतात. दहा दिवसांत "असर नाही" म्हणून सोडून देणारे फार, आणि तिथेच उपचार फसतो.

बीपी, चष्मा आणि सायनस: तिघांवर उगाच आळ

डोकं दुखलं की बीपी वाढलं, असा समज घट्ट बसलाय. १५०/९० किंवा १६०/१०० ला सहसा काहीच जाणवत नाही. अचानक १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत धूसर दिसणं, गोंधळणं असेल तर ते संकट आहे. याची उलटी चूक जास्त घातक: "डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक" असं समजून गोळी बंद करणं.

चष्म्याच्या नंबराने कपाळ जड होतं, पण ते वाचन-शिवणकाम केल्यावर आणि डोळे मिटले की कमी होणारं. उलट्या आणि ठणका नंबरामुळे येत नाही. सायनसचं खरं दुखणं म्हणजे घट्ट पिवळा शेंबूड, ताप, वास न येणं. नाक चोंदणं आणि डोळ्यात पाणी तर अर्धशिशीतही येतं, त्यामुळे "माझं सायनस आहे" म्हणत वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्या अनेकांना असते अर्धशिशीच.

इथे एक तासही घालवू नका

मिनिटाभरात कळसाला पोचलेली डोकेदुखी, विजेचा लोळ कोसळावा तशी, ही मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते. नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालयं किंवा सिटी स्कॅनची सोय असलेला जवळचा दवाखाना गाठा. पहिल्या सहा तासांत काढलेल्या सिटी स्कॅनवर रक्त सर्वात स्पष्ट दिसतं, म्हणून "सकाळी बघू" इथे चालत नाही. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, फिट येणं, यांनाही हाच नियम.

ताप आणि डोकेदुखी, त्यात हनुवटी छातीला टेकत नाही किंवा गुंगी येते, तर मेंदूज्वर असू शकतो. पावसाळ्यात आणि नंतर विदर्भात स्क्रब टायफस, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप, येतो. २०१८ मध्ये त्याने इथे जीव घेतले. शेतात, झुडपांत वावर असेल आणि काखेत, जांघेत, कमरेपाशी सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा, कारण डॉक्सीसायक्लिन वेळेत मिळालं तर तो बरा होतो. खपली दुखत नाही, म्हणून ती मुद्दाम शोधावी लागते. डेंगीत डोळ्यांच्या मागे दुखतं. तिथे अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर डोकं दुखलं तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा जास्त असेल तर थेट दवाखाना. बाळंतपणानंतर वाढत जाणारी डोकेदुखी मेंदूच्या शिरेत रक्त गोठल्याने होऊ शकते. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत तेव्हा अंगाशी येते, कारण अंगातलं पाणी घटलं की रक्त जास्त सहज गोठतं.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी कधीच साधी समजू नये. कानशिलाला हात लावला की दुखतं, भाकरी चावताना जबडा भरून येतो, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उपचार लांबले तर दृष्टी जाते. आजोबा तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पडले होते, तेव्हा काही झालं नाही आणि आता डोकं दुखतंय, झोप फार येतेय, तर आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता आणखी वाढते. लालभडक, दगडासारखा घट्ट डोळा आणि दिव्याभोवती रंगीत वलय दिसणं हा काचबिंदूचा झटका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

मग सगळ्यांनीच एमआरआय काढून घ्यावा का?

भीती खरी असते: "ट्यूमर तर नसेल?" मेंदूतली गाठ नुसत्या डोकेदुखीने क्वचितच उघडकीला येते. आठवड्यागणिक वाढत जाणं, सकाळी उलट्यांसह दुखणं, फिट, चालण्यात-बोलण्यात बदल, असं काहीतरी सोबत असतं. वर्षानुवर्षं त्याच चालीची अर्धशिशी आहे आणि तपासणीत सगळं ठीक आहे, तर स्कॅनमधून हाती फारसं लागत नाही. उलट एखादा निरुपद्रवी ठिपका सापडतो आणि घर दोन महिने झोपत नाही. स्कॅनच्या आधी डॉक्टरांनी दुर्बिणीतून डोळ्याचा पडदा पाहिला का, हे विचारा. कवटीतला दाब वाढला असेल तर डोळ्याच्या नसेवर सूज दिसते, आणि ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

डॉक्टरांना सर्वात जास्त मदत होते ती महिनाभराच्या नोंदीची. घरातल्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसाच्या चौकटीत सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, घेतलेली गोळी आणि किती घेतल्या एवढं लिहा. पाळीच्या दिवसांवर आणि उपवासावर खूण करा. तपासणीला जाताना ते कॅलेंडर खाली काढून न्या आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घाला, रिकामी झालेली पाकिटंसुद्धा.